मलेरियाचा ताप उतरला, तरी लघवी मोजा

नागपुरात मेडिसिन वॉर्डात नर्स आहे मी. पावसाळ्यात गडचिरोली-गोंदियाकडून फॅल्सिपॅरम या मलेरियाच्या धोक्याच्या प्रकाराचे पेशंट येतात. ताप उतरला की नातेवाईक विचारतात, "सिस्टर, आता घरी नेऊ काजी?" मी आधी लघवीची बाटली बघते.

घरीही तेच करा. बाटलीवर खुणा करून लघवी मोजून ठेवा. मोठ्या माणसाला 24 तासांत 400 मिलीहून कमी झाली तर किडनी अडचणीत आहे. लघवी काळ्या चहासारखी दिसली तर रक्तातल्या लाल पेशी फुटताहेत. सकाळची वाट बघू नका, रात्रीच निघा. अंगदुखीवर डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन मनाने देऊ नका, किडनीवर आणखी भार पडतो. डॉक्टरांनी डायलिसिस सांगितलं तर नाही म्हणू नका. वेळेत उपचार मिळाले तर मलेरियानं बंद पडलेली किडनी बहुतेकदा पुन्हा काम करू लागते. हे मी प्रत्येक घरच्यांना हात धरून सांगते, कारण इथेच लोक हिंमत सोडतात.

पेशंटला मधूनमधून नाव, गाव विचारा. असंबद्ध बोलला, झापड आली, तर "अशक्तपणा आहे, झोपू द्या" म्हणू नका. फॅल्सिपॅरमचे जंतू शिरलेल्या लाल पेशी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटतात. साखर उतरली तरी असंच दिसतं, म्हणून साखर लगेच तपासायला सांगा; गरोदर बाई आणि लेकरांची तर आधी. झटका आला तर कुशीवर वळवा. तोंडात चमचा नको, पाणीही नको.

श्वास मिनिटभर घड्याळ लावून मोजा. मोठ्या माणसाचा 30 च्या वर गेला तर थेट दवाखाना गाठा. ताप गेल्यावरही फुफ्फुसांत पाणी भरू शकतं.

पानथरी (प्लीहा) फुटणं फार क्वचित घडतं, पण साध्या समजल्या जाणाऱ्या व्हायवॅक्स प्रकारच्या मलेरियातही घडतं. डाव्या बरगडीखाली अचानक कळ, डावा खांदा दुखणं, घाम, चक्कर ही तिची लक्षणं. मलेरियाच्या पेशंटचं पोट तेल लावून चोळू नका, आणि बरं वाटलं म्हणून लगेच पोती उचलू देऊ नका.

मलेरियावरची आर्टेसुनेटची इंजेक्शनं घेतली असतील तर सुटी झाल्यावर चार आठवडे दर आठवड्याला हिमोग्लोबिन तपासा. काहींचं रक्त नंतर उतरतं. रिपोर्ट आणि इंजेक्शनांच्या तारखांचा कागद सोबत न्या, गावच्या डॉक्टरांना त्यावरूनच कळेल.