रोइंग मशीनवर वेग अडकलाय? लय आणि दम बिघडवणाऱ्या या चुका टाळा

जिमच्या कोपऱ्यातल्या रोइंग मशीनवर बहुतेक वेळा एकच दृश्य दिसतं. डॅम्परचा, म्हणजे चाकात हवा सोडणाऱ्या झडपेचा, काटा १० वर, हात भराभर पुढे-मागे, स्क्रीनवर मिनिटाला ३४ स्ट्रोक, आणि पाचव्या मिनिटाला हँडल सोडून धापा टाकत बसलेला माणूस. मेहनतीत कसर नसते, तरी ५०० मीटरची वेळ महिनोन्‌महिने जागची हलत नाही. कुणी म्हणतं वेग वाढत नाही, कुणी म्हणतं लय सापडत नाही, कुणी म्हणतं दमच टिकत नाही. माझ्या मते या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुधा एकच असतं: स्ट्रोक रेट माणसाच्या ताब्यात नसतो, माणूसच त्याच्यामागे धावत असतो.

इथलं सगळं हवेच्या चाकाच्या मशीनला धरून आहे, म्हणजे कन्सेप्ट-टू आणि त्याच धर्तीची इतर यंत्रं. कन्सेप्ट-टू कंपनीच्या डिक आणि पीटर ड्रायसिगॅकर या भावांनी अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये १९८१ साली सायकलचं चाक वापरून आपलं पहिलं असं मशीन बाजारात आणलं. डिक स्वतः १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये वल्हवलेला खेळाडू. पाण्यावर जाता येत नाही तेव्हाही होडीतल्या हालचालीचाच सराव व्हावा, यासाठी हे यंत्र आहे. ते दोरी ओढण्याचं यंत्र आहे असं समजून बसलात, तर पुढच्या सगळ्या चुका ओळीनं होत जातात.

स्ट्रोक रेटलाच वेग समजणं

स्क्रीनवरचे दोन आकडे आधी नीट ओळखा. स्ट्रोक रेट म्हणजे मिनिटाला किती वेळा ओढलंत. स्प्लिट म्हणजे याच गतीनं गेलात तर ५०० मीटरला किती वेळ लागेल. वेग दाखवतो तो स्प्लिट. रेट फक्त किती वेळा ओढलं एवढंच सांगतो.

समजा दोघंजण २:१५ च्या स्प्लिटनं वल्हवताहेत. एकाचा रेट २०, दुसऱ्याचा ३०. दोघांचा वेग तोच, पण पहिला दर स्ट्रोकला सुमारे ११ मीटर जातोय आणि दुसरा जेमतेम साडेसात. दुसऱ्याला तेवढ्याच अंतरासाठी दीडपट वेळा शरीर पुढे-मागे न्यावं लागतं. त्याचा श्वास आधी फुलणार हे उघड आहे. शिवाय पहिल्याकडे शिल्लक आहे. त्याच ताकदीनं तो रेट २४ वर नेईल तेव्हा स्प्लिट आपोआप खाली येईल. दुसऱ्याला रेट वाढवायला जागाच उरलेली नाही.

स्वतःची परीक्षा अशी घ्या. पाच मिनिटं रेट २० च्या वर जाऊ द्यायचा नाही आणि स्प्लिट नेहमीचाच ठेवायचा. जमत नसेल, तर तुमच्या स्ट्रोकमध्ये जोर कमी आहे आणि आजवर ती उणीव घाईनं भरून निघत होती. उपाय कंटाळवाणा आहे, पण मला याहून चांगला ठाऊक नाही. दोन-तीन आठवडे बहुतेक सराव १८ ते २२ या रेटमध्येच करा. त्यानंतर चढता क्रम घ्या: दोन मिनिटं १८ वर, दोन २० वर, दोन २२ वर, दोन २४ वर. दर पायरीला स्प्लिट दोन-तीन सेकंदांनी सुधारला पाहिजे. रेट वाढला आणि स्प्लिट तिथंच राहिला, तर स्ट्रोक आखूड होतोय. एक पायरी खाली या.

डॅम्पर १० वर ठेवला की व्यायाम जास्त होतो, हा समज

डॅम्परनं चाकात किती हवा शिरते तेवढंच ठरतं. १० वर चाक लवकर मंदावतं, त्यामुळे दर स्ट्रोकला ते पुन्हा ओढून काढावं लागतं, जड होडी वल्हवल्यासारखं. तुम्ही किती काम केलंत हे मशीन दर स्ट्रोकनंतर चाक किती मंदावलं यावरून मोजतं. म्हणून ४ वर ओढा की १० वर, जोर तेवढाच असेल तर स्प्लिटही तोच येतो. १० वर जास्तीचं मिळतं ते कंबरेवरचं ओझं.

काट्यापेक्षा ड्रॅग फॅक्टर बघा, म्हणजे हवा चाकाला प्रत्यक्षात किती अडवते त्याचा आकडा. कन्सेप्ट-टूच्या पीएम-फाइव्ह मॉनिटरवर ‘मोअर ऑप्शन्स’मध्ये ‘डिस्प्ले ड्रॅग फॅक्टर’ निवडून थोडे स्ट्रोक ओढले की आकडा दिसतो. बहुतेक प्रौढांना १०० ते १३० च्या दरम्यान नीट वल्हवता येतं, वजनानं हलक्या माणसांना त्यातला खालचा भाग बरा पडतो. एका जिममधला ४ आणि दुसऱ्या जिममधला ४ सारखा नसतो, कारण चाकाच्या जाळीत धूळ साचली की हवा कमी शिरते आणि ड्रॅग उतरतो. म्हणून स्वतःचा ड्रॅग फॅक्टर लक्षात ठेवा आणि कुठेही गेलात तरी आधी तो जुळवून घ्या. पाण्याच्या टाकीच्या किंवा चुंबकाच्या मशीनवरचे आकडे मात्र याच्याशी ताडून बघू नका.

हात आधी, पाय नंतर

स्ट्रोकचा क्रम पाय, धड, हात असा आहे आणि परतताना हात, धड, पाय. जोराचा मोठा वाटा पायांचा असतो. वाचायला सोपं आहे, पण दमल्यावर हाच क्रम पहिल्यांदा मोडतो. कुठे मोडतोय ते दुखण्यावरून आणि हँडलच्या वाटेवरून कळतं.

मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू भरून येत असतील, तर पाय सरळ होण्याआधीच हात वाकताहेत. बोटं हँडलवर नुसती अडकवा, मूठ आवळू नका, आणि सुरुवातीला दहा स्ट्रोक फक्त पायांनी ओढा, हात शेवटपर्यंत सरळ.

सीट मागे सरकते आणि हँडल मात्र जागेवरच राहतं, ही चूक आरशात बाजूनं बघितल्याशिवाय सहसा लक्षात येत नाही. पायांनी जोर लावला खरा, पण धड ढिलं राहिल्यानं तो साखळीपर्यंत पोचलाच नाही. मग उरलेलं काम कंबर एकटी करते. सीट आणि हँडल पहिल्या क्षणापासून एकत्र हलले पाहिजेत. यासाठी पोट किंचित घट्ट ठेवा आणि मित्राला मोबाइलवर बाजूनं अर्ध्या मिनिटाचं चित्रीकरण करायला सांगा. हे करायला लोक लाजतात. लाजू नका, याच्याइतका स्वस्त प्रशिक्षक मिळायचा नाही.

हँडल गुडघ्यांवरून उचलून पुढे न्यावं लागतंय का? मग परतताना गुडघे लवकर वाकताहेत. ओढून झाल्यावर हात पूर्ण सरळ करून क्षणभर थांबा, धड पुढे झुकवा, हँडल गुडघ्यांपलीकडे गेल्यावरच सीट पुढे येऊ द्या. असे वीस-पंचवीस स्ट्रोक रोज वॉर्मअपमध्ये केले की काही दिवसांत थांबायची गरज उरत नाही.

हँडल हनुवटीकडे ओढणं, मागे फार रेलणं, पुढे येताना टाचा उचलून नडग्या उभ्या रेषेच्याही पुढे नेणं, या उरलेल्या चुका. हँडल छातीच्या पिंजऱ्याच्या खालच्या कडेला टेकावं, मागचा झुकाव थोडासाच असावा आणि नडगी उभी झाली की पुढे येणं थांबावं. पावलांचा पट्टा बोटांच्या मुळाशी बसेल इतकी पायाखालची पट्टी वरखाली करा. कधीमधी पट्टे सोडूनही वल्हवून बघा. ओढून झाल्यावर पाय पट्टीवरून सुटत असतील, तर तुम्ही फार मागे जाताय किंवा जोर उशिरा लावताय.

परतताना घाई

लय बिघडते ती इथं. ओढायला जेवढा वेळ लागला, त्याच्या साधारण दुप्पट वेळ परत यायला लागला पाहिजे. ओढताना चपळ, परतताना निवांत. मशीनवर हे शिकणं अवघड जातं, कारण मशीन जमिनीवर घट्ट असतं. पाण्यावर वल्हेकरी झटकन पुढे सरकला की त्याच्या वजनाचा धक्का होडीला बसून ती तिथल्या तिथे मंदावते. घाईची शिक्षा लगेच मिळते. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकट्याच्या होडीत तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत सुवर्णपदक विजेत्या संघात होता. त्याच्या शर्यतीचं चित्रीकरण मिळालं तर होडीकडे बघा. वल्हं पाण्याबाहेर असताना ती सरसरत पुढे जात असते, आणि माणूस तिला अडथळा होणार नाही इतक्या हळुवारपणे पुढे येत असतो. जिममध्ये तुमची होडी हलतच नाही, म्हणून ही शिस्त आपणच पाळायची.

खुणा सोप्या आहेत. पुढे येताना सीट धाडकन आदळते, पायाच्या पट्टीवर ठोका बसतो, किंवा स्ट्रोक रेट २२, २६, २३ असा उड्या मारतो. असं होत असेल तर मनात ओढताना ‘एक’ आणि परतताना ‘दोन, तीन’ मोजा. श्वासही त्याला बांधा, ओढताना बाहेर, परतताना आत. जोर वाढवायचा असेल तेव्हा परतीची गती तीच ठेवून पायांनी अधिक ढकला. लय सांभाळून वेग वाढवण्याचा सगळा सराव या एका गोष्टीत आहे. दहा मिनिटं रेट एकाच आकड्यावर, फार तर एकानं इकडे-तिकडे, टिकवता आला की मगच वेगाच्या सरावाला हात घाला.

पहिल्या ५०० मीटरमध्येच सगळं खर्च करणं

हवेच्या चाकावर वेग थोडा वाढवायलाही ताकद खूप जास्त लागते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २:३० चा स्प्लिट म्हणजे सुमारे १०४ वॉट, आणि २:०० म्हणजे सुमारे २०३. अर्ध्या मिनिटासाठी जवळजवळ दुप्पट. २:३० वरून २:२५ वर यायला ११ वॉट पुरतात, पण २:०० वरून १:५५ वर यायला सुमारे २८ लागतात. म्हणून सुरुवातीला वेळ झपाट्यानं कमी झाली आणि मग सुधारणा रोडावली, तर निराश व्हायचं कारण नाही.

आता २००० मीटर आठ मिनिटांत मारायचे आहेत असं समजा. उत्साहात पहिले ५०० मीटर १:५० नं गेलात, तर गरजेपेक्षा जवळपास ३० टक्के जास्त ताकद उधळली. वाचवलेले दहा सेकंद तिसऱ्या ५०० मध्ये व्याजासकट जातात. पहिले पाच-सहा स्ट्रोक जोरात घ्या, कारण चाक थांबलेलं असतं. मग लगेच ठरलेल्या स्प्लिटवर स्थिरावा. पहिले ५०० मीटर फार सोपे वाटायला हवेत, दुसरे बरोबर, तिसरे कठीण. उरलेलं सगळं चौथ्यात.

तुकड्यांच्या सरावातही हेच. ५०० मीटरचे ८ तुकडे, मध्ये साडेतीन मिनिटं विश्रांती, हा वेगासाठी जुना आणि खणखणीत सराव आहे. पहिला तुकडा सगळ्यांत वेगवान आणि आठवा सगळ्यांत मंद झाला, तर तो सराव फसला असं खुशाल समजा. पहिले सात एकाच स्प्लिटवर आणि आठवा सर्वांत वेगवान हवा. विश्रांतीत दगडासारखं बसून राहू नका, हलकं वल्हवत राहा.

रोज मधल्याच जोरात वल्हवणं

दम न वाढण्याचं हे सर्वांत मोठं कारण. रोज वीस मिनिटं, ना धड सावकाश ना धड जोरात. दमसास वाढतो तो लांब आणि खरोखर सोप्या सरावातून. शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येत नसेल, तर तो सराव सोपा नाही. आठवड्यातून तीन दिवस मिळत असतील, तर दोन दिवस १० मिनिटांचे तीन तुकडे, रेट १८ ते २०, बोलता येईल इतक्याच जोरात घ्या. ते वाढवत २० मिनिटांच्या दोन तुकड्यांपर्यंत न्या. तिसरा दिवस वेगाचा: एका आठवड्यात ८ वेळा ५०० मीटर, पुढच्यात १००० मीटरचे ४ तुकडे, मध्ये पाच मिनिटांची विश्रांती. दर आठवड्याला २००० मीटरची चाचणी घेऊ नका. सहा-आठ आठवड्यांतून एकदा पुरे.

मे महिन्यात मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्याच स्प्लिटला नाडी बरीच वर चढते. तेव्हा स्प्लिट चार-पाच सेकंदांनी सैल सोडा, पंख्यासमोर बसा, तुकड्यांमध्ये पाणी प्या. दम कमी झाला म्हणून घाबरू नका.

दुखणं आणि मशीनची कुरकुर

सलग लांब सरावानंतर कंबर धरत असेल, तर तुकडे पाडा, मध्ये उठून दोन मिनिटं चाला आणि ड्रॅग कमी करा. बरगडीत एका ठिकाणी टोचून दुखत असेल, खोल श्वासालाही कळ येत असेल, तर वल्हवणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. बरगडीला बारीक चीर जाणं ही वल्हेकऱ्यांची ओळखीची दुखापत आहे. छातीत दडपण किंवा चक्कर आली तर सराव तिथंच सोडा.

कधी चूक तुमची नसतेही. सीट अडखळत असेल, तर रुळावरची काळी घाण ओल्या फडक्यानं पुसा. हे रोज करायला हवं. साखळी खरखरत असेल, तर तिला तेल हवंय. साधारण ५० तासांच्या वापरानंतर कागदी रुमालावर थोडं मशीन तेल घेऊन साखळीला पुसायचं आणि जादाचं काढून टाकायचं. हँडल परत जाताना ढिलं पडत असेल, तर आतला रबरी दोर सैल झालाय. तो घट्ट करता येतो, जिमवाल्यांना सांगा. डॅम्पर वर नेऊनही ड्रॅग चढत नसेल, तर चाकाच्या जाळीत धूळ आहे, ती व्हॅक्यूमनं काढून घ्यायला लावा.