घरच्यांसाठी सुती जाकीट घरीच कसे शिवावे

मी शिवलेले पहिले जाकीट बाबांनी गोव्यातल्या वास्कोच्या दामोदर भजनी सप्ताहाला घातले. श्रावणातली दमट हवा, माणसांची दाटी, आणि जाकिटाला आतून सॅटीनचे गुळगुळीत अस्तर. तासाभरात त्यांनी ते काढून हातावर घेतले. पुढे धुतल्यावर बाहेरचे सुती कापड आटले, अस्तर होते तेवढेच राहिले आणि खालची कड फुगून आली. शिवण सरळ होती, काज नीट होती, पण कापड न भिजवता कापले होते आणि अस्तर आपल्या हवेचे नव्हते.

म्हणून इथे जे जाकीट सांगते ते बिनबाहीचे, बिनअस्तराचे, सुती आणि आतून नीट मिटवलेले आहे. कुर्त्यावर किंवा सदऱ्यावर घालता येते, पहाटे मोटारसायकलवर वारा अडवते आणि पावसाळ्यात एका दिवसात वाळते. एवढ्यासाठी घरी शिवायचे कशाला, असे वाटेल. तयार जाकीट ३८, ४०, ४२ अशा आकड्यांचे असते. बाबांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरता आहे, आईची पाठ वाकली आहे, मुलगा सहा महिन्यांत उंच होतो. हे त्या आकड्यांत बसत नाही, घरी बेतलेल्या कापडात बसते.

कापड आणि त्याला पाणी

खादी, हातमाग किंवा केसमेंट (साध्या विणीचे सुती कापड), यांपैकी मध्यम जाडीचे काहीही घ्या. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा गावातल्या कापडाच्या दुकानात कापड मुठीत दाबून बघा. मूठ सोडल्यावर खूप चुण्या राहिल्या तर ते जाकिटाला नको. रोज मोटारसायकल चालवणाऱ्याला ड्रिल, म्हणजे तिरक्या विणीचे जाड सुती कापड, चांगले.

छाती ४० आणि उंची २७ इंच असलेल्या माणसाला ४४ इंच पन्ह्याचे पावणेदोन मीटर कापड लागते, ५८ इंच पन्ह्याचे सव्वा मीटर पुरते. चौकटीचे कापड असेल तर पाव मीटर जास्त घ्या.

कापड रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा, न पिळता वाळत घाला, किंचित ओलसर असतानाच इस्त्री करा. खादी दोनदा भिजवा. आतली पट्टी, खिशाचे कापड, सुती तिरपी पट्टी (कापड तिरके कापून काढलेली), जे जे जाकिटात जाणार आहे ते सगळे भिजले पाहिजे. गडद रंगाचे कापड वेगळे भिजवा. ओला पांढरा फडका त्यावर घासून बघा. फडक्याला रंग लागत असेल तर ते पांढऱ्या कापडाशी जोडू नका.

कुणबी कापडाचे, म्हणजे लाल-पांढऱ्या चौकटींचे जाकीट फार देखणे होते. शेतात राबणाऱ्या गावडा-कुणबी बायकांचे हे गुडघ्यापर्यंतचे, खांद्यावर गाठ मारून नेसायचे लुगडे. कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ते पुन्हा विणून घेऊन फॅशनच्या मंचावर नेले, तेव्हा शहरातल्यांचे त्याकडे लक्ष गेले. घरात आजीचे जुने अस्सल कुणबी असेल तर कृपा करून त्याला कात्री लावू नका. नवे हातमागाचे घ्या.

मापे

ज्याचे जाकीट, त्याला आत जे घालायचे तेच घालून उभे करा. बाबा कुर्त्यावर घालणार असतील तर कुर्त्यावरून माप घ्या. छाती काखेतून, टेपमध्ये दोन बोटे ठेवून. खांदा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. उंची मानेच्या मागच्या हाडापासून, बसल्यावर मांडीवर गोळा होणार नाही इतकी. मान-ते-कंबर हे माप पाठीवरून वेगळे घ्या आणि पोटावरूनही घ्या. निरोगी, ताठ माणसात त्यांत फारसा फरक नसतो. वयस्कर माणसात दीड-दोन इंचांचा फरक सहज निघतो, आणि तो फरक धरला नाही तर जाकीट मागून वर उचलले जाते आणि पुढे लोंबते.

पोट छातीपेक्षा मोठे असेल तर घेराला पोटाचे माप धरा.

कागदावर आखणी

छाती ४०, खांदा १८, उंची २७ असे धरून सांगते. तुमच्या मापांनी आकडे बदला.

सैलपणासाठी छातीत ४ इंच मिळवा, ४४ झाले. त्याचा चौथा भाग ११. वर्तमानपत्राच्या कागदावर एक उभी रेघ मारा, ही पाठीची मधली घडी. तिच्या वरच्या टोकापासून आडवी रेघ. आडव्या रेघेवर गळ्याची अर्धी रुंदी सव्वातीन इंच (छातीचा बारावा भाग), मागच्या गळ्याची खोली पाऊण इंच. खांदा अर्धा ९ होतो, पण बिनबाहीच्या जाकिटाचा खांदा एक इंच आत ठेवायचा, म्हणून ८ वर खूण करा आणि तिथून दीड इंच खाली उतरा. गळ्याच्या टोकापासून या खुणेपर्यंत तिरकी रेघ, हा खांदा. मुंढ्याची, म्हणजे हात घालायच्या गोलाईची, खोली छातीचा चौथा भाग म्हणजे १०. तिथे आडवी ११ इंचाची रेघ ओढून तिच्या टोकाला बाजूची शिवण सुरू करा आणि ती उंचीपर्यंत, म्हणजे २७ पर्यंत, खाली न्या. खांद्याच्या टोकापासून पाच इंच जवळजवळ सरळ उतरा, मग वळत वळत बाजूला या.

पुढच्या भागाची आखणी अशीच, तीन फरकांनी. मुंढा मधोमध पाऊण इंच जास्त आत घ्या, कारण हात पुढे येतात. गळा व्ही आकाराचा, ९ ते १० इंच खोल. आणि मधल्या रेघेच्या पलीकडे एक इंच वाढवा, ही बटणाची पट्टी. मधली रेघ पेन्सिलने ठळक ठेवा, बटणे तिच्यावरच बसणार आहेत.

आता शिलाईचे जास्तीचे कापड: खांद्याला अर्धा इंच, मुंढ्याला आणि गळ्याला पाव इंचापेक्षा थोडे जास्त, खाली दीड इंच, आणि बाजूला पूर्ण दीड इंच. बाजूला कंजुषी करू नका. माणूस जाड होतो, मूल वाढते, आणि दोन्ही बाजू मिळून तिथे सहा इंच कापड दडलेले असते. त्यातले चार तरी पुढे सोडता येते.

बायकांच्या जाकिटाला छातीपाशी टक्स, म्हणजे आकार देणाऱ्या निमुळत्या चिमट्या, हवेत. सैल जाकिटात बाजूच्या शिवणीतून निघणारा एक इंचाचा एक टक्स पुरतो. त्याचे टोक छातीच्या उंचवट्याच्या इंचभर अलीकडे थांबवा, आणि टक्सने खाल्लेला इंच पुढच्या भागाच्या उंचीत आधीच मिळवून ठेवा.

मांजरपाटात एकदा घालून बघा

बहुतेक लोक हाच टप्पा गाळतात, आणि मी तर म्हणेन की बाकी काही घाईत केले तरी चालेल, हे करू नका. स्वस्त मांजरपाटात किंवा जुन्या चादरीत तीन तुकडे कापा, हाताने लांब कच्चे टाके घाला आणि त्या माणसाला घालायला लावा. हात वर करायला सांगा. खुर्चीवर बसवा. मोटारसायकलचा हँडल धरल्यासारखे हात पुढे करायला सांगा.

मुंढ्यापासून छातीकडे तिरक्या चुण्या आल्या तर मुंढा पुढून थोडा कोरा. पाठीवर मानेखाली आडवी घडी पडली तर मागच्या गळ्याची खोली पाव इंच वाढवा. एक खांदा उतरता असेल तर फक्त त्याच बाजूचा खांदा टाचणीने चिमटीत धरा आणि तेवढा फरक कागदावर उतरवा. म्हणजे डावा कागद वेगळा, उजवा वेगळा. बाबांच्या जाकिटाचा पाऊण इंचाचा हा फरक दुकानात कुणी विचारलाच नसता.

वाकलेल्या पाठीला कागदावर खांद्याच्या हाडांच्या उंचीवर आडवी चीर द्या आणि मधल्या घडीपाशी इंचभर उघडा, मुंढ्यापाशी बंदच ठेवा. मधल्या घडीची रेघ वाकडी होते, तेव्हा पाठ दोन तुकड्यांत कापून मध्ये शिवण घ्या. एवढ्याने माझ्या आईचे जाकीट मागून खाली बसले.

कापणी

कापडाचा उभा धागा काठाला समांतर असतो. मधली रेघ त्याला समांतर ठेवा, नाहीतर धुतल्यावर जाकीट एका बाजूला पिळते. चौकटीच्या कापडात पुढचे दोन भाग एकावर एक ठेवून न कापता एक आधी कापा, तो सुलटा-सुलट पालथा घालून चौकटी तंतोतंत जुळवा, टाचण्या टोचा, मग दुसरा कापा. बाजूच्या शिवणीवर आडव्या रेघा खालून वर जुळवत या. वरच्या बाजूला मुंढ्याजवळ थोड्या सुटल्या तरी हाताखाली दिसत नाहीत.

पुढच्या भागाच्याच आकाराची तीन इंच रुंद आतली पट्टी, खांद्यापासून खालपर्यंत, दोन. मागच्या गळ्याची तेवढ्याच रुंदीची एक. बटणाच्या पट्टीला मागून पेस्टिंग (इस्त्रीने चिकटणारे ताठ कापड) लावा, पण पातळ सुती. जाड पेस्टिंग दमट हवेत आणि धुण्यात सुटते आणि फोड येतात.

 

शिवण

सुई १४ नंबर, ड्रिलला १६. इंचाला दहा-बारा टाके.

खिसे आधी लावा, सपाट कापडावर. वयस्करांना चष्मा आणि गोळ्यांसाठी आतल्या बाजूलाही एक. खिशाच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांना तिकोनी उलटे टाके घाला, खिसा फाटतो तो तिथेच.

खांदे जोडताना कापडाच्या उलट्या बाजू समोरासमोर ठेवून पाव इंचावर शिवा, कड कापून बारीक करा, पालथे करून पुन्हा शिवा. धागे आत बंद होतात. आतल्या पट्ट्यांचे खांदेही जोडून घ्या.

आता पट्टी जाकिटाला सुलट बाजूला सुलट लावून शिवा, मागच्या गळ्यापासून व्हीवरून सरळ खाली आणि तळाशी पट्टीच्या रुंदीएवढी आडवी. गळ्याच्या गोलाईला छोटे काप द्या, टाक्यापासून सुतभर अलीकडे थांबून. कोपरा कापा, पालथे करा, इस्त्री करा. प्रत्येक शिवणीनंतर इस्त्री, हा नियम पाळलात तर घरचे जाकीट घरचे म्हणून ओळखू येत नाही.

मुंढ्याला सव्वा इंच रुंद तिरपी पट्टी लावून आत दुमडून हेम करा, आणि हे बाजूच्या शिवणीच्या आधी. नंतर लावली तर जाकीट सैल करताना पट्टी पूर्ण उसवावी लागते. मग बाजू जोडा, काखेतली पट्टी पट्टीवर बरोबर आली पाहिजे. बाजूच्या कडा वेगवेगळ्या दुमडून शिवा किंवा इंटरलॉक करून घ्या, आणि शिवण दोन्हीकडे उघडी दाबा. खालची कड दीड इंच आत घेऊन हाताने हेम.

काज पुरुषांच्या जाकिटाला डाव्या भागावर, बायकांच्या उजव्या. लांबी बटणाचा व्यास अधिक त्याची जाडी. आडवे काज मधल्या रेघेच्या सुतभर बाहेरून सुरू होते. आधी भोवती टाके घाला, मगच चीर द्या. किनाऱ्याकडच्या गावात धातूची टिच-बटणे आणि धातूची चेन गंजते आणि कापडाला तांबूस डाग पाडते. करवंटीची किंवा लाकडी बटणे वापरा. हात थरथरणाऱ्या माणसाला मोठी बटणे द्या आणि दोऱ्याचा देठ ठेवून लावा, म्हणजे बोटात धरता येतात.

वाळपईच्या थंडीसाठी

वाळपईकडे, सत्तरी तालुक्यात, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे साधे जाकीट पुरत नाही. तेव्हा दोन कापडांमध्ये जुन्या मऊ सुती साडीचा एक थर घालून वाकळीसारखे इंचाइंचावर धावदोरे घाला. इथे एक लक्षात ठेवा: धावदोरे घातल्यावर कापड आखडते. म्हणून कागदापेक्षा चारी बाजूंनी दोन इंच मोठा तुकडा आधी वाकळून घ्या आणि मग त्यावर कागद ठेवून कापा. हे जाकीट पावसात वाळत नाही, तेव्हा ते दिवाळीनंतर बाहेर काढायचे आणि शिमग्यानंतर धुऊन, कडकडीत वाळवून ठेवायचे. खळ घालून ठेवू नका, खळीवर बुरशी लवकर धरते.

मुलांचे जाकीट वाढवताना

मुलाच्या जाकिटाला खाली दीडऐवजी तीन इंच दुमड ठेवा. कागदावर त्याचे नाव, छाती, उंची आणि तारीख लिहून पिशवीत ठेवा. पुढच्या चवथीला कपडे बघताना तोच कागद त्याच्या पाठीला लावला की किती सोडायचे ते कळते. बाजू उसवा, कडा इस्त्री करा, नवी रेघ मारून शिवा. जुन्या शिवणीची पांढरट रेघ राहिलीच तर एक भाग पांढरे विनागर आणि एक भाग पाणी यात फडका भिजवून त्या रेघेवर ठेवा आणि वरून गरम इस्त्री फिरवा. आधी आतल्या बाजूला रंग तपासून घ्या. आपल्या माडाचे विनागर यासाठी नको, त्याचा पिवळसर डाग पडतो.