हेरपटाचं शीर्षकगीत करताय? या चुका टाळा

नव्या मुलांचे डेमो माझ्याकडे सतत येतात. कुणाला वेब सिरीजचं काम मिळालेलं असतं, कुणी हौसेनं केलेलं असतं. चुका मात्र त्याच त्या. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सिनेमाचं नाव मुखड्यात कोंबणं. निर्मात्यांचा हा हट्ट जुनाच. १९६५ च्या 'थंडरबॉल' या जेम्स बाँडच्या हेरपटासाठी संगीतकार जॉन बॅरी आणि गीतकार लेस्ली ब्रिकस यांनी आधी 'मिस्टर किस किस बँग बँग' हे गाणं केलं होतं. ते गायिका शर्ली बॅसीच्या आवाजात ध्वनिमुद्रित झालं, मग डायोन वॉरविकच्या. पण गाण्यात सिनेमाचं नाव हवंच, म्हणून ते बाजूला पडलं. बॅरीनं डॉन ब्लॅक या गीतकाराकडून घाईघाईत नवे शब्द लिहून घेतले आणि टॉम जोन्स ते गायला. ब्लॅकनं निभावलं, कारण त्यानं तो शब्द एका माणसाच्या वार करण्याच्या पद्धतीला जोडला. आपल्याकडे नाव चार वेळा ओरडलं की मुखडा झाला असं समजतात.

मी स्वतः यात पोळलोय. अंधेरीच्या एका स्टुडिओत हेरकथेच्या मालिकेचं गाणं करत होतो. निर्मात्यांच्या आग्रहाखातर चालच नावाच्या पाच अक्षरांवर बांधली, नाव बरोबर समेवर पडेल अशी. मिक्सिंगच्या आदल्या रात्री फोन आला, नाव बदललंय. नवं नाव तीन अक्षरी! गायिका तोवर परगावी कार्यक्रमाला गेलेली. दुसऱ्या मुलीला बोलावून बघितलं, पण तीन अक्षरं बसवायची तर शेवटचं ओढावं लागायचं, आणि ओढलं की हेरपटाची अंगाई व्हायची. शेवटी पहाटे चारला नाव काढलं आणि त्या जागी कीबोर्डवरचा ट्रम्पेट भरला. त्यानंतर मी डमी शब्दांत, म्हणजे चाल बांधताना घातलेल्या तात्पुरत्या शब्दांत, नाव येऊच देत नाही. मुखडा नावाशिवाय उभा राहिला तरच पुढं जातो. बाँडपटांतही तसं आहे. १९७७ च्या 'द स्पाय हू लव्ह्ड मी'चं गाणं आहे 'नोबडी डज इट बेटर'. सिनेमाचं नाव एका ओळीत अलगद येऊन जातं. १९६९ च्या 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'ची नामावली बॅरीनं नुसत्या वाद्यसंगीतावर काढली. २००६ च्या 'कसिनो रोयाल'च्या गाण्यात तर नाव नाहीच.

दुसरी चूक चार सुरांची. कुठलाही सा धरा. प, कोमल ध, शुद्ध ध, पुन्हा कोमल ध. झाला जेम्स बाँड! शेवटचा कॉर्डही, म्हणजे एकदम वाजवायचा स्वरांचा गुच्छ, सगळे तोच लावतात: सा, कोमल ग, प, शुद्ध नी आणि वर रे. कोमल गांधार आणि शुद्ध निषाद ही पटदीपातली जोडी एकदम वाजली की पोटात कालवतं. हे पेटीवर स्वतः वाजवून बघा, पंधरा मिनिटं त्यातच बसा. पण ते उचलून आपल्या गाण्यात घातलंत, तर ऐकणाऱ्याला दुसऱ्याचाच नायक दिसणार. आणि तयार लूपचे, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या तुकड्यांचे, पॅक विकत घेऊन तासाभरात 'स्पाय फील' आणणाऱ्यांना तर मी डेमो परत पाठवतो.

बाँडचा तो मूळ सूर तरी कुठून आला? संगीतकार मॉन्टी नॉर्मननं व्ही. एस. नायपॉल यांच्या 'अ हाऊस फॉर मिस्टर बिस्वास'वरच्या एका संगीतिकेसाठी गाणं केलं होतं. त्रिनिदादच्या भारतीय कुटुंबाची कथा, चालीला सतारीचा ढंग. संगीतिका बारगळली. १९६२ च्या 'डॉक्टर नो' या पहिल्या बाँडपटासाठी त्यानं तीच चाल काढली, सूर तोडून तोडून गिटारला दिले. बॅरीनं संयोजन केलं, गिटार व्हिक फ्लिकनं वाजवली. जगाला हेरगिरीचा वाटणारा सूर असा त्याच्या जुन्या वहीतून आला. तुमचीही वही आधी उघडा.

गाण्यात पिस्तूल, पासपोर्ट, उपग्रह यांची यादी नको. 'गोल्डफिंगर' या बाँडपटाचं अख्खं गाणं म्हणजे एका माणसापासून सावध राहा, एवढाच इशारा.

नामावली किती सेकंदांची, हे न विचारता चाल बांधू नका. 'गोल्डफिंगर'च्या ध्वनिमुद्रणात पडद्यावर नामावली चालूच होती, म्हणून शर्ली बॅसीला शेवटचा सूर धरून ठेवावा लागला. तुमच्या गायिकेचा दम तेवढा आहे का? मी आवाज बंद करून नामावली लावतो आणि हातात घड्याळ घेऊन स्वतः गुणगुणतो.

मोठा गायक आधी ठरवून मग गाणं लिहू नका.

आणि नाकारलेलं गाणं पुसू नका. 'मिस्टर किस किस बँग बँग'ची चाल 'थंडरबॉल'च्या पार्श्वसंगीतात आहेच. २०१५ मध्ये रेडिओहेड या बँडचं 'स्पेक्टर' हे गाणं त्याच नावाच्या बाँडपटात घेतलं गेलं नाही, त्यांनी ते नाताळच्या दिवशी लोकांना देऊन टाकलं. माझी ती पाच अक्षरांची चालही वहीत आहे. गेल्या वर्षी एका नाटकात ती बासरीवर संथ लयीत वाजली, आणि तिथं ती पहिल्यांदा नीट बसली.