मातीतील वाळू, पोयटा आणि चिकणमाती मुलांना बरणीत कशी दाखवावी

शेतातील किंवा परसातील वीतभर खोलीची माती उन्हात वाळवून तिच्यातील खडे आणि मुळ्या वेचून काढाव्यात आणि उभ्या, पारदर्शक, घट्ट झाकणाच्या बरणीचा तिसरा हिस्सा तिने भरावा.

यानंतर ढेकळे फोडायची असतात, आणि प्रयोग बिघडतो तो इथेच. माती पाण्यात टाकून बरणी दोन-चार वेळा हलवली की पुरे, असे सर्रास सांगितले जाते. ते साफ चुकीचे आहे. दख्खनच्या बेसॉल्टपासून बनलेल्या काळ्या मातीत चिकणमाती भरपूर असते आणि तिची ज्वारीच्या दाण्याएवढी ढेकळे न फुटता वाळूबरोबरच तळाशी जाऊन बसतात. पहिल्या वेळी तो जाड थर पाहून मी मुलांना ही माती रेताड असल्याचे सांगितले होते. नंतर वरचे पाणी ओतून त्या थरातील चिमूट बोटांत चोळली, तेव्हा ती लोण्यासारखी पसरली. वाळू असती तर करकरली असती.

म्हणून बरणीत भरण्याआधी माती लाटण्याने हलकेच चुरावी. ती पाट्यावर वाटू नये, कारण त्याने वाळूचे कणही फुटतात. नंतर मोठ्या माणसाने तिच्यात चमचाभर धुण्याचा सोडा घालावा, मातीसकट बरणी पाऊण भरेल इतके पाणी ओतून रात्रभर भिजू द्यावे आणि सकाळी मुलांकडून आळीपाळीने पूर्ण १० मिनिटे जोरात हलवून घ्यावे. विहिरीचे जड पाणी टाळावे. पाणी लवकर निवळावे म्हणून तुरटी फिरवण्याचा सल्ला तर मुळीच मानू नये, कारण रात्रभर भिजवून सुटे केलेले बारीक कण तुरटीने पुन्हा एकमेकांना चिकटतात आणि थरांची सरमिसळ होते.

आता बरणी हलवू नये. एका मिनिटाने वाळूच्या थरावर आणि दोन तासांनी पोयट्याच्या, म्हणजे वाळूपेक्षा बारीक पण चिकणमातीपेक्षा जाड कणांच्या, थरावर बाहेरून खूण करावी. चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरपेक्षा बारीक असल्याने काळ्या मातीचे पाणी आठवडाभरही गढूळ राहू शकते, तेवढे थांबावेच. शेवटी प्रत्येक थराची उंची पट्टीने मोजून टक्केवारी काढावी. एकूण १० सेंटिमीटरपैकी ५ सेंटिमीटर चिकणमाती भरली, तर ती ५० टक्के. मात्र ओली चिकणमाती फुगलेली असल्याने हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो, हे मुलांना आधीच सांगावे.

कोकणातील जांभ्याच्या लाल मातीत लोहाच्या ऑक्साइडने कण इतके घट्ट सांधलेले असतात की सोड्यानेही ते पूर्ण सुटत नाहीत. तिथे तळाच्या थरातील चिमूट चोळून पाहिल्याशिवाय त्याला वाळू म्हणू नये.