कोजागरीच्या गच्चीवर नव्या शेजाऱ्यांना बोलते कसे करावे?

आश्विन पौर्णिमेच्या रात्री गृहसंकुलाच्या गच्चीवर वीस-पंचवीस जण जमतात, तेव्हा जुनी मंडळी आपापसांत रमतात आणि नुकतीच राहायला आलेली कुटुंबे कठड्याजवळ अवघडून उभी असतात. पाच-सहा लिटर दूध आटायला बराच वेळ लागतो. तो वेळ यजमानांनी हाताशी धरावा.

प्रथम नव्या पाहुण्यांना काम द्यावे. वेलदोडे सोलणे, पिस्त्यांचे काप करणे किंवा दूध ढवळणे अशा कामांत हात गुंतले की संकोच आपोआप कमी होतो. मग ‘तुमच्याकडे मसाला दुधात काय घालतात?’ एवढेच विचारावे. कोणी जायफळ सांगेल, कोणी चारोळी, आणि त्यातून माहेर, आजोळ, लहानपण असे विषय निघतील. आडनाव, पगार, लग्न, मुले यांविषयीचे प्रश्न मात्र कटाक्षाने टाळावेत, कारण आपल्याकडे आडनावाच्या चौकशीमागे पुष्कळदा जातीची चौकशी दडलेली असते आणि ज्याला विचारले जाते त्याला ती अचूक कळते.

उखाणे हा आपला हक्काचा खेळ आहे. परंतु फक्त पतीचे किंवा पत्नीचे नाव घेण्याची प्रथा पाळली, तर विधवा, अविवाहित आणि घटस्फोटित माणसे त्यातून वगळली जातात. हे मला फार टोचते. म्हणून कोणत्याही जिवलग माणसाचे नाव घेण्याची मुभा आरंभीच जाहीर करावी आणि पहिला उखाणा यजमानांनीच घ्यावा: ‘दुधात घातलं केशर, वर बदामाचे काप, … आजीचं नाव घेतो, तिचे लाड अमाप.’ नाव घेतल्यावर त्या माणसाविषयी दोन वाक्ये सांगायला लावावीत. खरी ओळख तिथूनच सुरू होते. कोणी नको म्हटले, तर आग्रह करू नये.

गाण्यांच्या भेंड्यांसाठी जन्ममहिन्यानुसार गट पाडावेत, म्हणजे एकाच घरातली माणसे वेगळी होतात. ‘ळ’ आल्यास ‘ल’ आणि ‘ण’ आल्यास ‘न’ घ्यायचे, हे आधीच ठरवावे. हिंदी, कानडी, गुजराती गाणीही चालू द्यावीत, कारण शेजारी सगळेच मराठी असतील असे नाही.

दूध पेल्यांत ओतले जाऊ लागले की खेळ अर्धा असला तरी थांबवावा आणि पेले वाटण्याचे काम नव्या शेजाऱ्यांकडे सोपवावे, म्हणजे त्यांना प्रत्येकापाशी जाऊन दोन शब्द बोलता येतात.