मुलाचं रक्त वाढत नाही? या चुका टाळा

लोहाचं औषध दुधाबरोबर देऊ नका. कोल्हापुरात हे गळी उतरवणं अवघड, कारण गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायलं की पोर अंग धरतं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. पण दुधात लोह नावालाच असतं आणि त्यातलं कॅल्शियम औषधातलं लोह अंगी लागू देत नाही. चहाही तसाच आडवा येतो. मी औषध उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर द्यायला सांगते. पोटात मळमळलं तर जेवणानंतर द्या, पण चहा-दुधापासून दोन तास लांब.

औषधानं शी काळी होते, त्याला घाबरून बाटली फडताळात टाकू नका. गूळ-शेंगदाणे जरूर द्या, पण हिमोग्लोबिन ८ पर्यंत उतरलेलं पोर त्यावर सावरत नाही. शाळेतली आठवड्याची गुलाबी किंवा निळी गोळी रक्त कमी होऊ नये म्हणून असते. कमी झालं असेल तर वजनाप्रमाणे रोजचा डोस लागतो.

नीट औषध देऊनही दोन-तीन महिन्यांत आकडा हलला नाही, तर टॉनिक बदलत बसू नका, कारण शोधा. जंत, थॅलेसेमिया मायनर हा आईवडिलांकडून येणारा रक्तदोष, गव्हाची अ‍ॅलर्जी म्हणतात तो सीलिअ‍ॅक आजार, आणि जठरातला एच. पायलोरी हा जंतू. तो जठरातलं आम्ल आणि क जीवनसत्त्व घटवतो, त्यामुळे लोह शोषलं जात नाही. कधी त्यानं जठरात केलेल्या जखमेतून रक्तही झिरपतं.

करवीर तालुक्यातली दहा वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली तेव्हा चार टॉनिकं झाली होती आणि हिमोग्लोबिन ८.२ होतं. वर्गात डुलक्या, कबड्डीत पहिल्याच चढाईला धाप. बाकी सगळं तपासून शेवटी दुर्बिणीनं पाहिलं, तर हाच जंतू. चौदा दिवसांची औषधं दिली. सहाव्या दिवशी पोटदुखी थांबली आणि वडिलांनी गोळ्या बंद केल्या. "पोरगी हसाय लागली की ओ, आता कशाला एवढ्या गोळ्या?" दोन महिन्यांनी ती परत आली, पापण्या तशाच पांढऱ्याफटक. अर्धवट डोसानं जंतू औषधाला सरावतो, म्हणून औषधं बदलून पुन्हा चौदा दिवस. पोरीचं अख्खं वर्ष गेलं. मला राग वडिलांपेक्षा स्वतःचा जास्त आला, कारण चौदाच दिवस का, हे मी चिठ्ठी देताना सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मी चिठ्ठीच्या मागं चौदा चौकोन आखते. रोज एक फुली मुलानं स्वतः मारायची आणि कागद मला आणून दाखवायचा.

आणखी एक. रक्तातल्या अँटिबॉडीच्या, म्हणजे जंतूविरुद्ध शरीर बनवतं त्या प्रतिपिंडांच्या, तपासणीवरून जंतूची औषधं सुरू करू नका. जंतू गेल्यावरही ती तपासणी पॉझिटिव्ह येऊ शकते. प्रत्येक फिकट मुलाला पहिल्याच भेटीत जंतूची तपासणी सांगणंही मला पटत नाही. कोर्स संपल्यावर जंतू गेला का, हे निदान चार आठवड्यांनी शीच्या किंवा श्वासाच्या तपासणीनं बघावं लागतं, आणि त्याआधी पित्ताची गोळी दोन आठवडे बंद हवी. हे पालक हमखास विसरतात.

हिमोग्लोबिन १२ दिसलं की औषध थांबवायची घाई होते. शरीरातला साठा तेव्हा रिकामाच असतो, लोह आणखी दोन-तीन महिने चालू ठेवा.