घरी बीपी कसं मोजावं आणि आकडा आल्यावर काय करावं

आमच्या कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेत कुणाला बीपी निघालं की संध्याकाळपर्यंत दहा जण दहा उपाय सांगून जातात. उपाशीपोटी लसणाच्या दोन पाकळ्या खा, शेवग्याचा पाला खा, तिखट सोडा. आणि सगळ्यांत घातक म्हणजे ‘शंभर अधिक वय एवढं बीपी चालतं’. या हिशेबाने सत्तरीतल्या माणसाला १७० चालायला हवं. ते अजिबात चालत नाही. वय वाढलं म्हणून मेंदूतल्या रक्तवाहिनीची दाब सोसायची ताकद वाढत नाही, उलट ती कडक आणि ठिसूळ होत जाते.

दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजून १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल, तर ते वाढलेलं बीपी. घरी माणूस निवांत असतो, म्हणून घरच्या सरासरीची मर्यादा थोडी खाली, १३५/८५. वरचा आकडा हृदय आकुंचन पावतानाचा, खालचा ते सैल पडतानाचा. दोन्हीपैकी एक जरी वाढलेला असला तरी ते बीपीच. आणि ‘मला काही त्रास होत नाही’ याला काही अर्थ नाही, कारण बहुतेकांना वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही.

अकरा वर्षं मी आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं बीपी मोजते आहे, आणि पाच वर्षं माझं स्वतःचं. उपाय सगळे सांगतात, मोजायचं कसं ते कुणी सांगत नाही. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा मोजण्याला दिली आहे.

पायरी १ : मशिन

दंडावर पट्टा बांधायचं डिजिटल मशिन घ्या, मनगटाचं नको. वर्षातून एकदा ते पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या आणि त्यांच्या मशिनशी ताडून बघा.

पायरी २ : पट्टा

इथे मी चुकले होते, आणि त्याची किंमत आबांनी मोजली.

आबा तरुणपणी तालमीत वाढलेले, खासबागेत कुस्त्या खेळलेले. आज अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही त्यांचा दंड ३६ सेंटिमीटर भरतो. आमच्या मशिनच्या पट्ट्यावर बारीक अक्षरात २२ ते ३२ सेंटिमीटर असं छापलेलं होतं. मी ते कधी वाचलंच नाही. पट्टा कसाबसा बसायचा, फुगताना कडेने उघडायचा, मी तो हाताने दाबून धरायचे. आकडा यायचा १६५, १६८, कधी १७२. ही वही बघून डॉक्टरांनी गोळी वाढवली, महिन्याने आणखी एक जोडली. एका पहाटे आबा अंथरुणातून उठले आणि न्हाणीच्या दारात चौकट धरून खाली बसले. डोळे उघडे, अंगाला घाम, आणि मला म्हणाले, “पोरी, जमीन फिराय लागलीया.” मशिन लावलं, तर एवढ्या लहान पट्ट्यातही वरचा आकडा १०४ होता.

पुढच्या तपासणीत तिथल्या सिस्टरांनी सगळ्यात आधी शिंप्याची टेप काढली. दंड मोजला, मोठा पट्टा आणला, आबांना पाच मिनिटं गप्प बसवलं. दोन गोळ्या कमी होऊन आज आबांची घरची सरासरी १२८/७४ आहे.

पट्टा लहान पडला की आकडा फुगतो. दंड थोडा जाड असेल तर पाचेकने, खूप जाड असेल तर वीसच्या आसपास. आमच्या घरी निम्मा दोष पट्ट्याचा होता, उरलेला मी आबांना बसवायचे त्या पद्धतीचा.

तेव्हा मशिन आणायच्या आधी दंड मोजा. खांद्याचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्यावर टेप धरायची, दंड सैल सोडायचा. ३२ च्या वर गेला तर मोठा पट्टा मागा. दुकानदार ‘हाच सगळ्यांना होतो’ म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा. कोल्हापुरात तालमीतल्या आणि शेतात राबलेल्या माणसांचे दंड बघता आपल्याकडे हा प्रश्न घरोघरी असणार.

पट्टा उघड्या दंडावर बांधायचा. बाही वर सरकवून तिचं कडं दंडाला आवळत असेल तर शर्टातून हात बाहेर काढा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर, नळी आतल्या बाजूने, आणि पट्ट्याखाली एक-दोन बोटं जातील एवढाच घट्ट.

पायरी ३ : बसणं

हे ऐकायला सोपं आहे आणि हेच कुणी करत नाही. जिना चढून आलेल्या माणसाला लगेच पट्टा बांधायचा नाही. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, विडी बंद. बायकांनी मिश्रीही धरा यात. दात घासायची गोष्ट म्हणून ती कुणी मोजत नाही, पण तंबाखूच असते ती. लघवीला जाऊन या. मग पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर, मांडी किंवा पायावर पाय न टाकता पाच मिनिटं शांत बसायचं. मोबाइल नाही, टीव्ही नाही.

हात कुठे ठेवायचा यावरून मी सगळ्यांशी भांडते. पट्टा छातीच्या मध्यावर, हृदयाच्या उंचीला हवा. हात मांडीवर ठेवला किंवा खुर्चीशेजारी लोंबता सोडला, तर पट्टा जितका खाली तितका आकडा वर जातो. दहा सेंटिमीटरला साधारण आठ धरा. आमचं टेबल बुटकं आहे, म्हणून मी त्यावर वाकळेची घडी घालते आणि तिच्यावर आबांचा हात अख्खा टेकवते. हात त्यांनी स्वतः उचलून धरायचा नाही, स्नायू ताणले तरी आकडा चढतो.

आणि बोलायचं नाही. आबांना पट्टा फुगायला लागला की तालमीतली एखादी गोष्ट आठवते. पूर्वी मी हं हं करत ऐकायचे. नुसत्या बोलण्याने दहाचा फरक पडू शकतो हे कळल्यापासून “आबा, आता बोलू नका, झाल्यावर सांगा” असं म्हणून मी स्वतःही तोंड मिटते.

पहिल्या दिवशी दोन्ही हातांचं मोजा. ज्या हाताचं जास्त येईल, तोच हात कायमचा. दोन्हींत १० पेक्षा जास्त फरक पुन्हा पुन्हा येत असेल तर डॉक्टरांना सांगा.

पायरी ४ : सात दिवसांची वही

एका आकड्यावरून काही ठरवू नका. बीपी दिवसभर वरखाली होतच असतं. डॉक्टरांकडे जायच्या आधीचे सात दिवस सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा मोजा, दोन मोजण्यांत एक मिनिटाचं अंतर ठेवा. सकाळचं चहा आणि गोळीच्या आधी. पहिल्या दिवसाचे चार आकडे सोडा, उरलेल्या चोवीसांची सरासरी काढा. डॉक्टरांना हा आकडा दाखवा. आवडलेला आकडा ठेवून नावडता खोडायचा नाही, जे आलं ते लिहायचं.

काहींचं दवाखान्यात वाढतं आणि घरी नीट येतं. काहींचं बरोबर उलटं, तिथे नीट आणि घरी वाढलेलं. दुसऱ्या प्रकारचे लोक सहज निसटतात. वही नसेल तर दोन्ही कळत नाहीत.

घरात म्हातारं माणूस गोळीवर असेल तर कधीतरी उभं करूनही मोजा, उभं राहिल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर लगेच कळवा. हे मला आधी माहीत असतं तर आबा न्हाणीच्या दारात बसले नसते.

पायरी ५ : मीठ

तिखटाने बीपी वाढतं म्हणून रस्सा सोडलेले आणि दोन्ही जेवणांत लोणचं-पापड खाणारे लोक मी रोज बघते. मिरचीचा दोष नाही, मिठाचा आहे. माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, आणि त्यात सगळं आलं. आपली कांदा-लसूण चटणी कांडतानाच मीठ घालून कांडतात. तीच चटणी आमटीत टाकून वर सवयीने पुन्हा मीठ घालतो. चटणी घातलेल्या कालवणात मीठ निम्म्यावर आणा, पंधरा दिवसांत जिभेला सवय होते. मिसळीवरची शेव, फरसाण, बेकरीचा पाव या सगळ्यांत मीठ आहे.

किती खातो ते कळायला एक साधी गोष्ट करा. मिठाची नवी पुडी फोडली की तिच्यावर तारीख लिहा. चार माणसांच्या घरात एक किलोची पुडी पन्नास दिवसांच्या आत संपली, तर मीठ जास्त होतं आहे, आणि बाहेरचं खाणं यात धरलेलंच नाही.

सैंधव बीपीला चालतं हा गैरसमज आहे, तेही बहुतांश तेच मीठ. बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका.

पायरी ६ : चालणं

रंकाळ्यावर आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने.

पायरी ७ : गोळी

आकडा नीट आला म्हणून गोळी बंद करायची नाही. तो गोळीमुळेच नीट आलेला असतो. शेजारणीला लागू पडली म्हणून तिची गोळी घ्यायची नाही. अॅम्लोडिपिनने घोट्याला सूज आली तर मनाने सोडू नका, डॉक्टर बदलून देतात. पैशांची अडचण असेल तर सरकारी आरोग्य केंद्रात बीपीच्या गोळ्या फुकट मिळतात.

गुडघेदुखीच्या गोळ्यांबद्दल मात्र कळकळीने सांगते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मेडिकलमधून आणून रोज खाल्ल्या तर बीपी वाढतं आणि मूत्रपिंडावरही ताण येतो. आबांच्या पाकिटात अशी एक पट्टी दोन वर्षं होती आणि मला माहीत नव्हतं. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका डब्यात घालून न्या, कुणाला किरकोळ वाटणाऱ्यासुद्धा.

पायरी ८ : आकडा फार वर गेला तर

१८०/१२० च्या वर आलं तर आधी पाच मिनिटं बसा आणि नीट बसून पुन्हा मोजा. तरी तेवढंच आणि त्रास काही नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. जिभेखाली बीपी उतरवायची कॅप्सूल फोडून ठेवायचा जुना उपाय कुणी सांगितला तर करू नका. दाब एकदम कोसळून मेंदूचा किंवा हृदयाचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, तोंड वाकडं झालं असेल, एका बाजूचा हात उचलत नसेल, बोलणं अडखळत असेल, दिसायचं एकदम कमी झालं असेल, तर पुन्हा मोजत बसू नका. आकडा कितीही असो, १०८ ला फोन करा. तोंड वाकडं झालं किंवा हात पडला तर माणूस शेवटचा कधी ठीक होता ती वेळ कागदावर लिहा आणि तो कागद बरोबर घ्या. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याच्या आधी सीटी स्कॅन करावंच लागतं. तुमच्या घरापासून सीटी स्कॅन असलेला सगळ्यात जवळचा दवाखाना कुठला, ते आजच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.